इंजिन खोलण्याआधी: जुन्या डर्ट बाइकचा गिअर का अडतो?

आजचा प्रश्न सरळ आहे. जुन्या डर्ट बाइकचे गिअर नीट पडत नसतील, तर दोष नेमका कुठे आहे हे इंजिन न खोलता ओळखता येतं का? बऱ्याच अंशी येतं, आणि ते ओळखणं महत्त्वाचंही आहे. अशा इंजिनाचं पोट एकदा खोललं की ऑइल सील, पॅकिंग, बेअरिंग सगळ्यांचा हिशोब करावा लागतो, आणि पन्नास वर्षं जुन्या गाडीचा प्रत्येक भाग मिळेलच असं नाही. दुसऱ्या बाजूला, दोष खरंच आत असेल आणि आपण ‘चालतंय तोवर चालवू’ म्हणालो, तर उतारावर अचानक गिअर सुटतो आणि गाडी फक्त ब्रेकच्या भरवशावर राहते. म्हणजे घाई नको आणि टाळाटाळही नको.

उदाहरणाला आपण यामाहाची डीटी-१ घेऊ. १९६८ सालची, २४६ सीसी, एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, पाच गिअर. आपल्याकडे ती फारशी दिसत नाही, पण ज्यांनी १९८३ पासून आलेली राजदूत ३५० हाताळली असेल त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल, कारण तीही मूळची यामाहाच.

आधी आत काय चालतं ते बघू. गिअरबॉक्समधली चाकं ‘पडत’ वगैरे नाहीत. सगळ्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्याच असतात. प्रत्येक जोडीतलं एक चाक शाफ्टवर मोकळं फिरतं. शेजारचं चाक सरकून येतं आणि त्याच्या अंगावरचे जाड दात, ज्यांना डॉग म्हणतात, ते मोकळ्या चाकाच्या खाचांत शिरतात. मग ते चाक शाफ्टशी बांधलं जातं. या सरकणाऱ्या चाकाला ढकलतो फोर्क, फोर्कला हलवतो खाचा पाडलेला ड्रम, आणि ड्रमला फिरवतो आपला पाय. म्हणजे साखळी अशी: पाय, लिव्हर, शिफ्ट शाफ्ट, ड्रम, फोर्क, डॉग. क्लच या साखळीत नाही. पण डॉग सहज सरकावेत म्हणून इंजिनाचा जोर काढून घेण्याचं काम त्याचं आहे.

यातूनच एक गैरसमज दूर होतो. बंद, उभ्या गाडीवर लिव्हर दाबला आणि पुढचा गिअर पडला नाही, तर लगेच दोष धरू नका. डॉग खाचेसमोर न येता डॉगसमोर आला असेल, तर तो शिरणार कुठे? मागचं चाक थोडं पुढे-मागे हलवलं की ‘टक्’ करून गिअर पडतो.

आता पहिली आणि सगळ्यात मोलाची चाचणी. गाडी इंजिनाखाली भक्कम ठोकळा लावून अशी उभी करा की मागचं चाक अधांतरी राहील. इंजिन बंद. एका हाताने चाक हळू फिरवत पाचही गिअर वर आणि खाली टाकून बघा. आम्ही हे दोन-तीनदा करतो आणि कोणता गिअर कुठे अडला ते कागदावर लिहितो. बंद इंजिनावर सगळं सुरळीत आणि चालू इंजिनावर जड, असं असेल तर संशय क्लचवर. बंद इंजिनावरही तीच अडचण असेल तर क्लच सुटला, दोष लिव्हरपासून डॉगपर्यंत कुठेतरी आहे.

क्लचचं आधी बघू, कारण गुन्हेगार बहुतेक वेळा तोच असतो. क्लच पूर्ण सुटत नाही, प्लेटा एकमेकींना ओढत राहतात. खूण अशी की गाडी उभी असताना न्यूट्रल सापडता सापडत नाही, आणि पहिला टाकताना मोठा आवाज होऊन गाडी पुढे झेपावते. इंजिन बंद करून गिअरमध्ये क्लच दाबा आणि गाडी ढकलून बघा. थंड तेलामुळे थोडी ओढ राहील, पण गाडी अडून बसली तर प्लेटा चिकटल्यात. गाडी वर्ष-दोन वर्षं उभी असेल तर हे हमखास होतं.

उपाय बाहेरून आत करत जायचे. हँडलपाशी क्लच लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर ढील हवी. केबल फुगलेली, तुटायला आलेली असेल तर बदला. मग डाव्या बाजूला क्लच ढकलणाऱ्या दांड्याचा स्क्रू: लॉकनट सैल करा, स्क्रू हलका अडेपर्यंत आत न्या, पाव फेरा मागे घ्या, नट आवळा. गिअरबॉक्समध्ये मोटारसायकलच्या ओल्या क्लचला चालणारंच तेल घाला. एवढं करूनही फरक नसेल तर उजवं कव्हर काढा. वाकलेल्या स्टील प्लेटा काचेवर ठेवून कळतात. क्लच हाउसिंगच्या बोटांवर प्लेटांनी खाचा पाडल्यात का बघा. खाचेत अडकलेली प्लेट मोकळी होत नाही.

आता दुसरी शाखा. सुरुवात लिव्हरपासूनच. डर्ट बाइक पडते, दगडाला घासते. लिव्हर वाकून कव्हरला टेकत असेल, किंवा त्याच्या खाचा झिजून शाफ्टवर तो सरकत असेल, तर आतलं सगळं चांगलं असूनही गिअर अर्धवट पडतो. लिव्हर दाबल्यावर परत जागेवर येत नसेल तर रिटर्न स्प्रिंग. वर जाताना नीट पण खाली येताना अर्धवट, असं एकतर्फी दुखणं असेल तर शिफ्ट आर्म मध्यावर नाही. जुन्या यामाहांत यासाठी बाजूला सरकणाऱ्या डोक्याचा एक स्क्रू असतो. आर्मचं अंतर ड्रमच्या पिनांपासून दोन्हीकडे सारखं आलं पाहिजे. गिअर कुठलाही सुटतो, मध्येच खोटा न्यूट्रल लागतो, असं असेल तर ड्रमला जागेवर धरणारा रोलर आणि त्याची स्प्रिंग बघा. ही सगळी कामं उजव्या कव्हरमागची. इंजिनाचं पोट अजून बंदच आहे.

मग पोट कधी खोलायचं? एकच ठराविक गिअर, आणि तोही रेस देताना जोर आल्यावरच सुटत असेल, तेव्हा. डॉगचे कोपरे गोल झाले की जोर त्यांना पकडून ठेवण्याऐवजी बाहेर ढकलतो. एकाच फोर्कवरचे दोन्ही गिअर त्रास देत असतील तर फोर्क वाकला असण्याची शक्यता जास्त. हे बाहेरून कुठल्याही स्क्रूने बरं होत नाही.

निर्णयाआधी एक साक्षीदार अजून आहे: तेल. ते गरम असताना स्वच्छ भांड्यात काढा. राखाडी बारीक लगदा ही जुन्या गिअरबॉक्सची नेहमीची झीज. स्टीलचे टोकदार तुकडे म्हणजे डॉग किंवा दात तुटतायत. पिवळट चकाकी म्हणजे बुश. दुधाळ रंग म्हणजे पाणी. तेल मापापेक्षा कमी आणि सायलेन्सरमधून धूर जास्त, तर क्रँकचं सील गळून इंजिन गिअरचं तेल पितंय. मग सीलसाठी तरी काम काढावंच लागेल, आणि त्याच वेळी डॉगही बघून घेता येतील.

दुरुस्तीनंतर एक सवय मोडा: चालवताना बूट लिव्हरवर टेकवून ठेवायची. तो सततचा दाब फोर्क खातो.

थोडक्यात, क्रम लक्षात ठेवा: बंद इंजिनावर चाचणी, मग क्लच, मग लिव्हर आणि शिफ्ट आर्म, मग तेल, आणि सगळ्यात शेवटी पोट. कोणता गिअर, थंड की गरम, वर की खाली, जोरावर की जोराविना, या चार प्रश्नांची उत्तरं लिहून मेकॅनिककडे गेलात तर ‘इंजिन खोलूनच बघू’ या वाक्यावर तुम्हालाही दोन प्रश्न विचारता येतील. आता तुमचे प्रश्न घेऊ.