निळी गाठ आणि सुईचा उपचार



मुलाच्या हातावर, दंडावर किंवा पोटरीवर एक निळसर, मऊ गाठ असते. बोटाने दाबली तर दबते, बोट काढले की हळूहळू पुन्हा भरते. हात वर धरला की ओसरते, खाली सोडला की फुगते. आई सांगते, ‘जन्मला तेव्हापासून आहे. तेव्हा वाटाण्याएवढी होती, आता लिंबाएवढी झाली.’ मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतो ग्रहण बाधले, कोणी म्हणतो दृष्ट लागली. कोणी डाग द्यायला सांगतो, तर कोणी म्हणतो, फोडून टाका आणि मोकळे व्हा. या शेवटच्या दोन सल्ल्यांनी मुलाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून ही गाठ म्हणजे काय, आणि तिच्यावर सुईने करायचा उपचार कसा असतो, ते आज नीट समजून घेऊ.

भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावलेली भीमा चासकमानच्या धरणातून खाली राजगुरुनगरला येते. नदीकाठच्या माणसाला वाहते पाणी आणि डोहातले पाणी यांतला फरक सांगायला नको. आपल्या शरीरातही तसेच आहे. हृदयातून रक्त जोराने बाहेर पडते ते धमन्यांतून. अवयवांना पोचून ते माघारी येते ते शिरांतून, आणि ते संथपणे. पायातल्या रक्ताला तर चढ चढून यावे लागते. त्यासाठी शिरांत झडपा असतात. विहिरीवरच्या पंपाचा फुटवाल जसा पाणी माघारी जाऊ देत नाही, तशाच या झडपा. शिवाय चालताना पोटरीचे स्नायू शिरांना पिळतात आणि रक्त वर ढकलतात.

आता काही मुलांच्या बाबतीत आईच्या पोटातच शिरांचा एखादा पुंजका सदोष घडतो. त्याच्या भिंती पातळ राहतात, त्यांना पुरेसा स्नायूंचा थर नसतो. जागा ऐसपैस, पण निचरा कमी. रक्त तिथे डोहासारखे साचून राहते. बाहेरून दिसणारी निळी गाठ ती हीच. डॉक्टर तिला व्हीनस मालफॉर्मेशन म्हणतात. साधारणपणे पाच ते दहा हजार जन्मांमागे एका मुलाला हा दोष असतो.

हा दोष ग्रहणाने होत नाही आणि आईच्या खाण्यापिण्यानेही होत नाही. गर्भ घडत असताना एखाद्या पेशीतल्या जनुकात बदल होतो आणि तेवढ्याच भागातल्या शिरा वेगळ्या घडतात. अशा पुष्कळ गाठींत टेक नावाच्या जनुकात बदल झालेला असतो, असे २००९ साली संशोधकांनी दाखवून दिले. काही थोड्या घराण्यांत दोष पिढीजात असतो, पण बहुतेक मुलांच्या बाबतीत तो आईबापांकडून आलेला नसतो. तेव्हा सुनेला बोल लावणाऱ्या घरांनी एवढे ध्यानात ठेवावे.

पुष्कळांना गाठीचा काही त्रास होत नाही. काहींना मात्र होतो. साचलेले रक्त मधूनमधून गोठते, मग गाठ दुखते, कडक लागते. त्या गुठळ्यांचे पुढे वाटाण्यासारखे खडे बनतात, ते एक्सरेतही दिसतात. वयात येताना, बाळंतपणाच्या काळात किंवा मार लागल्यावर गाठ वाढू शकते. गुडघ्याच्या आत असली तर सांध्यात रक्त उतरते आणि पाय आखडत जातो. आणि शाळेत काय होते? पोर कवायतीला मागे राहते, बाही ओढून हात लपवते, कोणी चिडवले की दुसऱ्या दिवशी शाळेला येत नाही. दुखण्याइतकेच हेही नुकसान मोठे आहे.

प्रत्येक निळी किंवा लाल गाठ हीच, असे मात्र नव्हे. तान्ह्या मुलाच्या अंगावर जन्मानंतर काही आठवड्यांनी लालभडक फोडासारखी गाठ उठते, ती पहिल्या वर्षात भराभर वाढते आणि पुढे आपोआप ओसरू लागते. ती वेगळी. हे दोन प्रकार स्पष्ट वेगळे करून दाखविले ते १९८२ साली बोस्टनच्या मलिकन आणि ग्लोवाकी या दोघांनी. चाकणच्या कारखान्यात आठ-आठ तास उभे राहणाऱ्या कामगाराच्या किंवा फळ्यापाशी उभ्या असणाऱ्या गुरुजींच्या पायावर वेटोळ्या शिरा दिसतात. त्या मोठेपणी झडपा निकामी झाल्यामुळे फुगलेल्या असतात. तोही विकार निराळा. आणि गाठीवर हात ठेवल्यावर नाडीसारखे ठोके किंवा थरथर जाणवली, तर तिथे धमनीचा संबंध असतो. त्याचा उपचार पूर्णपणे वेगळा. म्हणून आधी निदान, मग सुई. सोनोग्राफीने रक्ताचा वेग कळतो, एमआरआयने गाठ किती खोल गेली आहे ते कळते.

त्रास थोडा असेल तर मापाचा घट्ट लवचिक मोजा आणि रात्री पाय उशीवर ठेवणे एवढ्यानेही भागते. त्रास जास्त असेल तर सुईचा उपचार, म्हणजे स्क्लेरोथेरपी. पोकळ सुईच्या पिचकारीचा वापर फ्रान्सच्या प्राव्हाझ यांनी १८५३ साली केला, तेव्हापासून रक्तवाहिनीत औषध सोडण्याचे प्रयत्न चालू झाले. सोडियम टेट्राडेसिल हे औषध १९४६ पासून वापरात आहे. पोलिडोकॅनॉल, ब्लिओमायसिन आणि शुद्ध अल्कोहोल हीही औषधे वापरतात. त्यांत अल्कोहोल सगळ्यांत जहाल, आणि धोकाही त्याचाच अधिक.

औषध करते काय? ते शिरेचे आतले अस्तर भाजल्यासारखे करते. अस्तर सुजते, समोरासमोरच्या भिंती एकमेकींना चिकटतात. सायकलची जुनी ट्यूब हवा जाऊन पडली की आतून चिकटते ना, तसेच. पुढे काही आठवड्यांत तिथे घट्ट तंतू तयार होतात आणि रक्ताला साचायला जागाच उरत नाही. पातळ औषध रक्तात मिसळून फिके पडते, म्हणून पुष्कळदा त्याचा फेस करून सोडतात. फेस रक्ताला बाजूला सारतो आणि भिंतीला लागून राहतो. दोन पिचकाऱ्या एकमेकींना जोडून असा फेस करण्याची सोपी रीत इटलीच्या तेस्सारी यांनी २००० साली सांगितली.

हे काम डोळे झाकून होत नाही. सुई गाठीतच आहे ना, ते सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहतात. मग रंगद्रव्य सोडून, ते कोणत्या वाटेने बाहेर जाते, ते एक्सरेखाली तपासतात. मोठ्या शिरेत औषध वाहून जाणार नाही याची खात्री पटली, की मगच बेताने औषध देतात. लहान मुलांना त्यासाठी भूल देतात.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. सुई दिल्यावर पहिले काही दिवस गाठ उलट सुजते आणि दुखते. घरची माणसे घाबरतात, ‘बिघडलं’ म्हणतात आणि चोळायला बसतात. चोळू नये. सूज एक-दोन आठवड्यांत उतरते, गाठ त्यानंतर आकसत जाते. पुढची सुई बहुधा काही आठवड्यांनी. लहान गाठीला एक-दोन वेळा पुरतात, पसरलेल्या गाठीला पाच-सहा किंवा जास्तही लागतात. दुखणे पुष्कळांचे कमी होते. पण मोठी गाठ मुळापासून नाहीशी होईल आणि पुन्हा कधीच येणार नाही, असे वचन कोणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

धोके थोडे, पण खरे आहेत. कातडी जळून जखम होणे, मज्जातंतूला इजा होऊन बोटे बधिर पडणे, गुठळी मोठ्या शिरेत सरकणे. सुईनंतर कातडी काळी पडली, फोड आले, बोटे गार किंवा बधिर झाली, लघवी लाल झाली, छातीत दुखले किंवा दम लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. ज्या दवाखान्यात पडद्यावर पाहण्याची सोय नाही तिथे ही सुई टोचून घेऊ नये, ती कितीही स्वस्त असो. आणि डाग दिल्याने किंवा फोडल्याने रक्त थांबता थांबत नाही, जखम चिघळते आणि गाठ तशीच राहते.

मग जायचे कुठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, आणि त्याचा आरंभ आपल्या महाराष्ट्रातच, पालघरला झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत मुले तपासायला येतात. गुरुजींनी आणि बाईंनी त्या दिवशी अशा मुलाला आवर्जून पुढे करावे. पण सगळ्या वर्गासमोर नव्हे, बाजूला घेऊन. मोठ्यांनी ग्रामीण रुग्णालयात दाखवून चिठ्ठी घ्यावी. तिथून पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय किंवा पुण्याचे ससून. केसपेपर काढताना रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी आणि सुईचा उपचार कोण करतात, हे विचारावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयातला आरोग्यमित्र सांगेल. जाताना शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर असू द्यावे.

वर्गात अशा मुलाला खेळातून सरसकट काढून बसवू नका. गाठीवर जोराचा मार बसणार नाही असे खेळ द्या, फार वेळ एका जागी उभे करू नका, पाय दुखत असेल तर बाकावर पाय पसरून बसू द्या. गाठ कशाची आहे हे चार वाक्यांत वर्गाला सांगा, म्हणजे चिडवणे बंद होईल. आईबापांना सांगा की ही गाठ कोणाचा दोष नव्हे, ती आपोआप जाणार नाही, आणि तिच्यावर उपाय आहे. मुलाचा गुडघा आखडायच्या आत त्यांनी पुण्याची गाडी धरली, तर ते पोर पुढल्या वर्षी कवायतीला रांगेत उभे राहील.