जुन्या पंपाचा झिजलेला शाफ्ट : दुरुस्त करावा की नवा घालावा?



खंडेनवमीला आपण इंजिनाला हळदकुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो, नारळ फोडतो. पण त्याच इंजिनाला जोडलेल्या पंपाचा ग्लँड उघडून आतल्या शाफ्टची काय दशा झाली आहे, हे बघणारा शंभरात एखादाच. मग ऐन पाण्याच्या पाळीला पंप हवा धरतो आणि धावपळ सुरू होते.

बार्शी तालुक्यात आता पुष्कळ विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या, बोअरमध्ये पाणबुडी पंप गेले, हे खरे. तरीपण वैराग, पांगरी, गौडगाव, आगळगाव या बाजूच्या वस्त्यांवर जुने तेलाचे इंजिन आणि त्याचा बिडाचा पंप पत्र्याखाली जपून ठेवलेला दिसतो. वीज नसली की तोच धावून येतो. हा पंप मोडीत घालण्याची घाई करू नका. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडीचा कारखाना उभारला, त्यांच्या समूहाने १९४६ साली पुण्यात तेलाच्या इंजिनांची कंपनी काढली, साताऱ्याकडे कूपरची इंजिने तयार झाली. त्या काळातल्या यंत्रांचे बीड जाडजूड असे. अशा पंपाचे अंग सहसा लवकर जात नाही. जातो तो शाफ्ट, बेअरिंग आणि ग्लँडची दोरी. हे भाग झिजायचेच, आणि ते बदलता येतात.

आता यात एवढे अडते कुठे? रब्बी ज्वारीचे घ्या. एकच पाणी देण्याइतकी विहीर असेल तर ते पोटरीत, म्हणजे पेरणीपासून ५० ते ५५ दिवसांनी द्यावे अशी शिफारस आहे. दुसरे देता आले तर फुलोऱ्यात, ७० ते ७५ दिवसांनी. या आठ-दहा दिवसांत पंप बसला तर पुढे कितीही पाणी दिले तरी गेलेले कणीस परत येत नाही. म्हणून शाफ्टची तपासणी पेरणी आटोपल्याबरोबर करायची, पोटरीची वाट बघत बसायचे नाही.

पंपाची रचना थोडक्यात बघा. शाफ्टच्या एका टोकाला पंखा, दुसऱ्या टोकाला पुली किंवा कपलिंग. मध्ये दोन बेअरिंग. पंखा पाण्यात असतो आणि पुली बाहेर, म्हणजे शाफ्टला पंपाच्या भिंतीतून बाहेर यावे लागते. त्या भोकातून पाणी बाहेर येऊ नये आणि हवा आत जाऊ नये म्हणून तिथे दोरीचे वेढे दाबून बसवतात. हाच ग्लँड. विहिरीच्या पाण्यात बारीक रेती असते, ती दोरीत अडकते आणि दोरी कानशीसारखी शाफ्टला घासत राहते. दोन-चार हंगामांत शाफ्टला गोल चर पडतात. नवी दोरी घातली की दोन दिवस बरे चालते, पुन्हा गळती. मग आपण काय करतो? पान्हा घेऊन ग्लँड आणखी आवळतो. शाफ्ट तापतो, दोरी जळते, चर आणखी खोल जातो. रोग वाढवणारे औषध म्हणतात ते हेच.

पंप पाणी सोडायला लागला की बहुतेक जण आधी फूट व्हॉल्व्ह बदलतात. खर्च होतो, गुण येत नाही. त्याआधी एक साधी परीक्षा करा. इंजिन बंद ठेवा. पंपात काठोकाठ पाणी भरा आणि अर्धा तास नुसते बघत बसा. पाणी खाली उतरले आणि बाहेर कुठेच थेंब नाही, तर दोष फूट व्हॉल्व्हचा. पाइपाच्या जोडावर ओल दिसली तर जोड गळतो आहे. आणि ग्लँडमधून धार लागली, तर जिथून आत्ता पाणी बाहेर येते तिथूनच पंप चालताना हवा आत जाणार. बाहेरच्या हवेच्या दाबाने पाणी हिशेबाने ३४ फूट चढू शकते, पण प्रत्यक्षात २० ते २२ फुटांवर भरवसा ठेवू नये. उन्हाळ्यात पाणी खोल गेले की ओढ वाढते आणि जरासा हवेचा शिरकावही पंपाला पुरतो. जो पंप दिवाळीत चालत होता तो होळीला का चालत नाही, त्याचे उत्तर बऱ्याचदा इथे सापडते.

आता शाफ्ट स्वतः तपासू. पट्टा उतरवा. पुली दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. खटखट लागली तर बेअरिंग गेले, किंवा बेअरिंग बसते ती शाफ्टवरची जागाच झिजली. मग पुली हाताने सावकाश फिरवा आणि शाफ्टजवळ खडू स्थिर धरा. खडू सगळीकडे सारखा उमटला तर शाफ्ट सरळ. एकाच बाजूला उमटला तर वाकलेला. शेवटी ग्लँड सोडून जुनी दोरी काढा आणि शाफ्टवरून नख फिरवा. नख अडकले म्हणजे चर पडलेत. जुन्या पंपातली दोरी ॲस्बेस्टॉसची असू शकते, तिची धूळ फुफ्फुसाला फार वाईट. ती आधी पाण्याने भिजवा, मग हुकाने काढा, फुंकर मारू नका.

इथे मी आमच्याच घरची गोष्ट सांगतो. मी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो. वडिलांच्या पंपाचा शाफ्ट बेअरिंगच्या जागी झिजला होता. एका लेथवाल्याने वेल्डिंगचा थर चढवून, खरादून, दोन तासांत परत दिला. पैसे थोडे लागले, वडील खूश. मीही काही बोललो नाही, आणि बोलायला पाहिजे होते. चौथ्या रात्री शाफ्ट वेल्डिंगच्या कडेला गाजरासारखा तुटला. पंखा केसिंगवर आपटून तोही फुटला. ज्वारी पोटरीत होती. दुसरा शाफ्ट करून पाणी सुरू व्हायला अकरा दिवस गेले. त्या वर्षी कडबा झाला, दाणा झाला नाही.

तुटण्याचे कारण सांगतो. शाफ्टचे पोलाद वेल्डिंगने एकाच जागी लाल होते आणि भराभर थंड होते. त्या कडेला पोलाद कडक आणि ठिसूळ बनते. शाफ्ट मिनिटाला हजार-दीड हजार फेरे घेतो, पट्ट्याची ओढ त्याला दर फेऱ्याला वाकवू बघते. त्या ठिसूळ कडेला बारीक चीर सुरू होते, आणि चीर दिसेपर्यंत काम संपलेले असते. शाफ्ट आधी नीट तापवून, योग्य कांडी वापरून, मग राखेत हळूहळू निववून हे काम बरे करता येते, पण एवढी निगुती घाईच्या दिवसांत कोणी राखत नाही. माझे मत स्पष्ट आहे : पंपाच्या शाफ्टला वेल्डिंग नको.

मग करायचे काय, ते झीज कुठे आहे यावर ठरते. झीज फक्त ग्लँडखाली असेल तर शाफ्ट वाचतो. पुष्कळ पंपांत त्या जागी आधीपासून पितळी किंवा ब्रॉन्झची बाही, म्हणजे स्लीव्ह असते. तेवढी बदलली की काम झाले. स्लीव्ह नसेल तर टर्नरकडून शाफ्टचा तेवढाच भाग बारीक खरादून वर स्लीव्ह चढवता येते. ती तेलात गरम करून थंड शाफ्टवर सरकवतात, निवली की घट्ट बसते. पण चर फार खोल असतील तर खरादून शाफ्ट कमजोर होतो, तिथे हा उपाय सोडून द्या.

बेअरिंगची जागा झिजली, चावीची खाच रुंद झाली, किंवा शाफ्ट वाकला, तर नवाच घाला. बेअरिंगखाली पत्रा गुंडाळणे, खाचेत पाचर ठोकणे, हे एका रात्रीचे उपाय. पंपाच्या कंपनीचा तयार शाफ्ट मिळाला तर उत्तम. जुन्या मॉडेलचा मिळत नाही, तेव्हा लेथवर करून घ्यावा लागतो. त्यासाठी मध्यम कार्बनचे पोलाद मागा, बाजारात त्याला ईएन-एट म्हणतात. बांधकामाची सळई चालणार नाही, स्वस्त पडली तरी. पाणी खारे असेल तर न गंजणाऱ्या पोलादाचा विचार करा, खर्च जास्त पण टिकाऊ.

टर्नरकडे जाताना नुसते माप घेऊन जाऊ नका. जुना शाफ्ट, पंखा, पुली, चावी, नट आणि नवी बेअरिंग, सगळे पोत्यात घालून न्या. बेअरिंगच्या अंगावर आकडा असतो. समजा ६३०६ आहे, तर शेवटचे दोन आकडे ०६, त्याला पाचाने गुणा, भोक ३० मिलिमीटर. शाफ्ट त्या भोकाला नेमका बसला पाहिजे. हाताने सहज सरकत असेल तर परत करा. पंख्याच्या नटाचे आटे सरळ आहेत की उलटे, हेही दाखवा. पंप फिरताना नट आवळला जावा अशा बेताने ते पाडलेले असतात. उलट्याच्या जागी सरळ पडले तर नट सुटून पंखा आत मोकळा होतो.

बेअरिंग बसवताना हातोडीने बाहेरच्या कड्यावर ठोकू नका. आतल्या कड्याला टेकेल असा पाइपाचा तुकडा लावून हळूहळू ठोका. कपलिंग असेल तर दोन्ही चकत्यांवर सरळ पट्टी वर, खाली आणि दोन्ही बाजूंना टेकवून बघा, कुठेही फट दिसता कामा नये. पट्टा असेल तर दोन्ही पुल्यांच्या कडेला दोरी ताणून बघा. पुल्या तिरक्या राहिल्या तर नवा शाफ्टही जुन्याच्या वाटेने जाईल. पट्टा गरजेपुरताच ताणा.

ग्लँडची नवी दोरी एकसलग गुंडाळू नये. एकेक वेढ्याचे तुकडे तिरपे कापा, आणि सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका.

पाणी खोल गेल्यावर काही जण इंजिन-पंप विहिरीतल्या टप्प्यावर उतरवतात, आणि शाफ्टची खटखट ऐकायला किंवा ग्लँड आवळायला चालू इंजिनाजवळ खाली जातात. हे कधीही करू नका. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. कंदील विझला नाही म्हणजे हवा चांगली, असे समजू नका, हा वायू असतानाही कंदील जळत राहतो. आत कोणी पडला तर त्याच्यामागे उडी घेणारा दुसराही जातो. इंजिन बंद करा, १०८ वर फोन लावा, वरून दोर टाका. चालू पट्ट्याजवळ धोतराचा सोगा, पदर, गळ्यातला पंचा सांभाळा. शाफ्टच्या चावीचे पुढे आलेले टोक कापड धरायला पुरते.

सगळे जोडल्यावर पंप पाण्याने भरूनच चालू करा, कोरडा फिरवू नका. ग्लँड आधी सैल ठेवा आणि पाणी वाहते झाल्यावर दोन्ही नट सारखे, थोडे थोडे आवळा. थेंब थेंब पाणी गळत राहिले पाहिजे. तो थेंब शाफ्टला थंड ठेवतो. तो बंद करण्याचा मोह आवरा. अर्ध्या तासाने इंजिन थांबवून बेअरिंगच्या घराला हात लावा. हात टेकवून ठेवता आला तर ठीक, चटका बसला तर जोडणी पुन्हा तपासा. जुना शाफ्ट भंगारात देऊ नका. ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून, आढ्याला बांधून ठेवा. पुढच्या खेपेला टर्नरला तोच नमुना लागेल.