बिननावाचा पाऊस

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या मूल, सिंदेवाही, आरमोरी, देसाईगंज या धानाच्या मुलखात आषाढातल्या एखाद्या सकाळी बांधीच्या धुऱ्यावर उभे राहून रोवणी पाहावी. चिखलणी झालेल्या पाण्यात ओणवलेल्या बायांची रांग एकेक पाऊल मागे सरत पऱ्हे रोवीत असते, त्यांच्या मागे पेंढ्या टाकणाऱ्या गड्याची धांदल चाललेली असते, आणि धुऱ्यावर बसलेला घरधनी हंगामाचा हिशेब तारखांनी न मांडता, मिरगात पऱ्हे टाकले, आर्द्रात पाण्याने ओढ दिली, पुनर्वसूत रोवणी लागली, पुष्यात ती आटोपलीच पाहिजे, अशा भाषेत मांडीत असतो. पुढे मघा-पूर्वात मालगुजारी तलाव भरला, तर उत्तरा-हस्तात, धान गर्भात असताना, त्याचे पाणी सोडता येते. मालगुजारी ही सारावसुलीची पद्धत कायद्याने गेली, तलाव मात्र त्याच नावाने सरकारी दप्तरात नांदत आहेत.

या नावांची रीत सोपी आहे. सूर्य एकेका नक्षत्रात सुमारे तेरा-चौदा दिवस असतो. तेवढ्या अवधीत पडेल तो त्या नक्षत्राचा पाऊस. मराठी मुलखाने त्यावर आपली नावे चढविली: पुनर्वसूचा तरणा, पुष्याचा म्हातारा, मघाचा सासूंचा, पूर्वाचा सुनांचा, हस्ताचा हत्तीचा. पंचांगकर्ते शिवाय प्रत्येक नक्षत्राला वाहन नेमतात. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून नवांनी भागावे, एक उरला तर घोडा, तीन उरले तर बेडूक, शून्य उरले तर हत्ती. या भागाकाराने मेघ हलत नाहीत, हे धुऱ्यावरच्या माणसाला पंचांगकर्त्याइतकेच ठाऊक असते. तरीही तो वाहन विचारतो, आणि मला त्यात अंधश्रद्धेपेक्षा कुतूहलच अधिक दिसते. खरा दोष निराळा आहे. ही गणना ताऱ्यांना बांधलेली आणि ऋतू सूर्याच्या अयनाला बांधलेले, त्यामुळे मृगाची तारीख सुमारे बहात्तर वर्षांत एका दिवसाने पुढे सरकते.

समुद्रावरच्या वादळांचे नामकरण याच्या अगदी उलट रीतीने होते. आपल्या दोन्ही समुद्रांवरील चक्रीवादळांना दिल्लीचे हवामान खाते नाव देते. २००४ सालच्या सप्टेंबरात ‘ओनिल’पासून हा प्रघात पडला. तेव्हा आठ देशांची यादी होती. पुढे ते तेरा झाले आणि एप्रिल २०२० मध्ये प्रत्येकी तेरा, अशी १६९ नावांची नवी यादी जाहीर झाली. तीत भारताने गती, तेज, व्योम, अंबुद, प्रभंजन अशी नावे घातली. ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ धडकलेल्या वादळाचे ‘निसर्ग’ हे नाव मात्र बांगलादेशाने सुचविलेले होते. नाव मिळण्यास वाऱ्याचा वेग ताशी किमान ६२ किलोमीटर असावा लागतो. त्याखालच्या प्रणालीची नोंद केवळ ‘कमी दाबाचे क्षेत्र’ किंवा ‘तीव्र कमी दाबाचे क्षेत्र’ अशी होते.

आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा पाऊस बहुतांशी या अनामिकांचाच असतो. ऐन पावसाळ्यात बंगालच्या उपसागरात उद्भवून ओडिशा-छत्तीसगडमार्गे इकडे येणारी ही क्षेत्रे क्वचितच ती वेगमर्यादा गाठतात. तलाव तीच भरतात; पर्लकोटा नदीला पूर आणून पुलावरून पाणी वाहविणारी आणि भामरागडचा जगाशी संबंध तोडणारीही बहुधा तीच. खात्याला धोक्याचा इशारा बंदराबंदरांतून पोहोचवायचा असतो, म्हणून ते जोर पाहून नाव देते. शेतकऱ्याला काम लावायचे असते, म्हणून तो काळ पाहून आधीच नाव देऊन ठेवतो. दोन्ही पद्धती आपापल्या जागी रास्त आहेत, पण त्यांची गाठ कोठे पडत नाही.

ती घालून देणे अवघड नाही. शेतकऱ्यांसाठी निघणाऱ्या हवामानपत्रकात तारखेच्या शेजारी त्या दिवसाचे सूर्यनक्षत्र छापावे, एवढीच खात्याला विनंती आहे. त्यास खर्च एका शब्दाच्या शाईचा, आणि ‘पुढील पाच दिवस मध्यम पाऊस’ हे वाक्य पुष्यातले की आश्लेषातले, हे रोवणी अर्धी राहिलेल्या माणसाला न विचारता कळेल.