शेडमधला दिवा घेताना वॅट नाही, ल्युमेन बघा



आता दिवस लहान झालेत. धारा काढून कुट्टी करायची, ट्रॅक्टरचं बारीकसारीक काम करायचं किंवा फवारणी पंपाचं नोझल साफ करायचं, तोवर अंधार पडलेला असतो. बऱ्याच शेडमध्ये मधोमध एकच बल्ब लटकत असतो आणि काम करणाऱ्याची सावली त्याच्याच हातावर पडते. म्हणून आजचा सल्ला पिकाचा नाही, उजेडाचा.

*किती उजेड?*
दुकानात आपण विचारतो, "किती वॅटचा?" वॅट म्हणजे दिवा वीज किती खाणार. उजेड किती देणार ते ल्युमेनवरून कळतं. चांगला एलईडी एका वॅटला साधारण १०० ल्युमेन देतो. खोक्यावरचा आकडा वाचूनच घ्या. १० बाय २० फुटांच्या शेडमध्ये वावरायला २० वॅटच्या दोन एलईडी ट्यूब पुरतात. कामाच्या टेबलावर तिसरी लावा. तिन्ही रोज ३ तास चालल्या तरी महिन्याला साडेपाच युनिटच्या आतच वीज लागते. आपल्याकडे व्होल्टेज खाली-वर होतं, म्हणून खोक्यावरची व्होल्टेजची मर्यादाही बघा.

*कुठे लावायचा?*
दोन ट्यूब दोन बाजूंना लावा, म्हणजे ट्रॅक्टर मध्ये उभा असला तरी इंजिनावर दोन्हीकडून उजेड पडतो. टेबलावरची ट्यूब पाठीमागे नको, आपल्या समोर थोडी वर हवी. भिंतीला चुना दिला तर त्याच दिव्यात उजेड वाढतो.

*रंग नीट दिसतो का?*
डाळिंब, टोमॅटोची प्रतवारी किंवा वायरिंगचं काम असेल तर खोक्यावर 'सीआरआय ८०' किंवा जास्त असलेला दिवा घ्या. हलक्या दिव्यात लाल-तपकिरीतला फरक कळत नाही.

*सगळ्यात महत्त्वाचं : फिरणारं पातं*
आपली वीज ५० हर्ट्झची आहे. त्यामुळे हलका दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते जाणवत नाही. पण पात्याच्या वेगाशी मेळ बसला, तर फिरणारं कुट्टीचं पातं किंवा ग्राइंडरची चकती थांबल्यासारखी दिसू शकते. बंद आहे समजून हात पुढे गेला तर बोटं जातात. मोबाईलचा कॅमेरा स्लो-मोशनवर ठेवून दिव्याकडे धरा. पट्टे किंवा लुकलुक दिसली, तर तो दिवा यंत्रापाशी नको. आणि दिवा कितीही चांगला असला तरी मेन स्विच बंद केल्याशिवाय पात्याजवळ हात घालायचा नाही.

*हे पण पाळा*
👉 ट्रॅक्टरखाली झोपून काम करताना वायर लावलेला बल्ब ओढत नेऊ नका. चार्जिंगची बॅटरी वापरा.
👉 धूळ-ओल असेल तिथे 'आयपी ६५' लिहिलेला दिवा लावा.
👉 शेडच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग हवंच.
👉 ट्रॅक्टरची बॅटरी चार्ज होते तिथे अगदी जवळ स्विच नको. तिच्यातून निघणारा वायू ठिणगीने पेट घेतो.

आज संध्याकाळी कुट्टीजवळचा दिवा तेवढा तपासा. शेडची लांबी-रुंदी आणि एक फोटो याच नंबरवर पाठवा, दिवे किती आणि कुठे लावायचे ते कळवतो.

– आपला कृषी सल्लागार