चाकांवरच्या घराची हिवाळी झोप

"मामा, टाकीतलं पाणी तर आम्ही काढून टाकलं होतं. मग पाइप फुटला कसा?"

दोन वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात माझ्या भाच्याने फोनवर मला हा प्रश्न विचारला. माझी धाकटी बहीण अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात राहते. तिने व मेहुण्यांनी काही वर्षे पैसे साठवून एक जुने मोटारहोम विकत घेतले. मोटारहोम म्हणजे चाकांवरचे घर. बसएवढी गाडी, आणि तिच्यातच स्वयंपाकाचा ओटा, झोपायच्या जागा, लहानसे न्हाणीघर, पाण्याची टाकी व पंप! उन्हाळ्यात त्यातून हिंडायचे आणि हिवाळ्यात ते घराशेजारी उभे करून ठेवायचे, असा तिकडचा रिवाज आहे.

बहिणीनेही ऑक्टोबरमध्ये गाडी उभी केली, टाकीची तोटी उघडून पाणी सोडून दिले आणि वर प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधली. एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर पाहतात तो काय! पंप सुरू करताच ओट्याखालून पाण्याचे फवारे उडाले. बॅटरी फुगून चिरली होती. गाद्यांना बुरशीचा वास येत होता. दुरुस्तीचा खर्च ऐकून मेहुण्यांनी त्या वर्षीची सहलच रद्द केली. आमची आई त्या उन्हाळ्यात तिकडे गेली होती. तिला त्या गाडीतून फिरवायचा बेत तसाच राहिला.

मित्रांनो, या नासाडीत कोणा चोराचा हात नव्हता. पाणी, आम्ल आणि वाफ यांनी आपापले नियम तंतोतंत पाळले, इतकेच. ते नियम कोणते, हे आपण पाहू.

पाण्याचे उफराटे वागणे

बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात. पाणी मात्र गोठताना फुगते. बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात आणि त्या जाळीत मोकळी जागा बरीच राहते. त्यामुळे १ लिटर पाण्याचे बर्फ झाले की ते सुमारे १.०९ लिटर जागा व्यापते. म्हणजे ९ टक्के वाढ! हा प्रयोग तुम्ही घरी करू शकता. प्लॅस्टिकची बाटली पाऊण भरा, पाण्याच्या पातळीवर शाईने खूण करा आणि रात्रभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात उभी ठेवा. सकाळी बर्फ खुणेच्या वर आलेले दिसेल. काचेची बाटली मात्र घेऊ नका. ती का, हे आता तुम्हीच सांगू शकाल.

मिनेसोटात जानेवारीच्या रात्री पारा उणे २० अंश सेल्सिअसच्या खाली जाणे नवलाचे नाही. आता भाच्याचा प्रश्न घेऊ. टाकी रिकामी होती हे खरे, पण पंपात, नळ्यांच्या वळणांत आणि पाणी तापवण्याच्या भांड्यात पाणी शिल्लक होते. नळीतले पाणी सर्वत्र एकदम गोठत नाही. आधी सर्वांत थंड जागी बर्फाचे बूच तयार होते. ते बूच वाढू लागले की पुढचे पाणी बंद नळाच्या दिशेने ढकलले जाते. समोर नळ बंद, मागे बर्फ. पाणी जाणार कोठे? आणि पाणी तर दाबून लहान होत नाही म्हटले तरी चालेल. मग दाब चढत जातो आणि जेथे नळी कच्ची असेल तेथे ती फुटते.

यातली गंमत लक्षात आली का? नळी फुटते ती पुष्कळदा बर्फ झालेल्या जागी नव्हे, तर अजून द्रवरूप पाणी असलेल्या जागी! हा दाब किती चढू शकतो? बर्फाला फुगायला जागाच दिली नाही, तर उणे २२ अंशांपर्यंत हा दाब आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या सुमारे २,००० पट होऊ शकतो. घरातली कोणतीही नळी त्यापुढे टिकणार नाही.

यावर उपाय काय? टाकीबरोबरच सर्वांत खालच्या तोट्या आणि तापवण्याचे भांडे रिकामे करायचे, बेताच्या दाबाची हवा नळ्यांतून फुंकून उरलेले पाणी बाहेर काढायचे आणि नंतर नळ उघडेच ठेवायचे.

गुलाबी द्रवाची करामत

तरीही एक अडचण उरतेच. मोरीच्या खाली वाकडी नळी असते, ती तुम्ही पाहिली असेल. तिच्यात थोडे पाणी मुद्दामच साठून राहते, म्हणजे खालची दुर्गंधी वर येत नाही. ती कोरडी ठेवून कसे चालेल? अशा जागी तिकडचे लोक एक गुलाबी द्रव ओततात. त्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल असते.

आइस्क्रीमच्या पॉटात बर्फाबरोबर मीठ का टाकतात, हे आठवा. पाण्यात दुसरा पदार्थ विरघळला की त्याचा गोठणबिंदू खाली जातो. मीठ-पाण्याच्या बाबतीत तो उणे २१ अंशांपर्यंत उतरवता येतो. पण मीठ धातूला खाते. ग्लायकॉलने काम तसेच होते आणि नळ्या सुरक्षित राहतात. इंजिन थंड राखणाऱ्या पाण्यात याचाच भाऊ, एथिलीन ग्लायकॉल, मिसळलेला असतो. अर्धे पाणी व अर्धे ग्लायकॉल घेतले तर मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. परंतु हा भाऊ चवीला गोड आणि विषारी आहे! पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत तो चुकूनही घालायचा नसतो.

बॅटरी का फुटली?

मोटारीच्या शिसे-आम्ल बॅटरीत पाणी मिसळलेले गंधकाम्ल असते. बॅटरी पूर्ण भारित असताना आम्ल तीव्र असते आणि ते उणे ५० अंशांनाही गोठत नाही. बॅटरी उतरू लागली की आम्लातील सल्फेट शिशाच्या पट्ट्यांवर जाऊन बसते आणि द्रवात मुख्यतः पाणी उरते. पार उतरलेली बॅटरी उणे १० अंशांच्या आसपासच गोठू शकते. बहिणीच्या गाडीतले घड्याळ व धोक्याची सूचना देणारी यंत्रे सहा महिने थेंब थेंब वीज पीत होती. बॅटरी उतरली, गोठली आणि फुटली. तारा सोडवून ती घरात आणली असती आणि अधूनमधून भारित केली असती, तर वाचली असती. एक इशाराही लक्षात ठेवा : गोठलेली बॅटरी भारित करायला लावू नये, ती स्फोट पावू शकते.

पांघरुणाचा दोष

बर्फाच्या पाण्याने भरलेल्या पेल्याला बाहेरून घाम येतो, हे तुम्ही रोज पाहता. हवेतील वाफ थंड पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली नेमके हेच झाले. गाडीतला ओलावा बाहेर पडू शकला नाही. दिवसा उन्हाने आतली हवा थोडी तापे, रात्री थंडीने छताला दव सुटे, आणि ते गाद्यांवर ठिबके. म्हणून पांघरूण हवा खेळू देणाऱ्या कापडाचे हवे, आणि आत ओलावा शोषून घेणारे कॅल्शियम क्लोराइड ठेवावे.

छतावरचे बर्फही हलके समजू नका. ८ मीटर लांब व २.५ मीटर रुंद छतावर ३० सेंटिमीटर बर्फ साचले, तर त्याचे घनफळ ६ घनमीटर होते. ताज्या भुसभुशीत बर्फाची घनता दर घनमीटरला १०० किलोग्रॅम धरली, तर भार ६०० किलोग्रॅम. तेवढ्याच जाडीचा थर भिजून दबलेल्या बर्फाचा असला आणि घनता ३०० असली, तर १,८०० किलोग्रॅम! म्हणून ते वरच्यावर झाडून काढावे लागते.

न दिसणारा शत्रू

आतापर्यंतचे नुकसान पैशांचे होते. एक धोका मात्र जिवाचा आहे. थंडी वाजते म्हणून लोक उभ्या गाडीत बसून इंजिन चालू ठेवतात. धूर बाहेर टाकणारी नळी बर्फाने बुजलेली असेल, तर कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा तो दोनशेहून अधिक पटींनी जवळचा वाटतो! माणूस पेंगतो आणि पुन्हा उठत नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या मोटारींत वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांतील काहींचा बळी या वायूने घेतला असावा, असे तेथील अधिकाऱ्यांनी सांगितले होते. तेव्हा लडाख किंवा हिमाचलात सहलीला गेलात आणि गाडी बर्फात अडकली, तर आधी ही नळी मोकळी करा, खिडकी थोडी उघडी ठेवा, आणि इंजिन लावायचेच तर थोडा थोडा वेळच लावा. ही गोष्ट घरातल्या मोठ्यांनाही सांगा.

पुढच्या ऑक्टोबरमध्ये भाच्याने एक यादी केली आणि एका दुपारी बापलेकांनी ही सगळी कामे उरकली. एप्रिलमध्ये त्याचा पुन्हा फोन आला. "मामा, नळ सोडला आणि पाणी नळातूनच आलं!" त्या उन्हाळ्यात आई पुन्हा तिकडे गेली आणि त्याच गाडीत बसून सुपीरिअर सरोवराच्या काठाने फिरून आली.

आता एक गणित तुमच्यासाठी. २७ अंशांना टायरमधील दाब मोजणीयंत्र ८० पौंड दाखवते. उणे २३ अंशांना ते किती दाखवील? टायरचे घनफळ बदलत नाही असे धरा. तापमान केल्व्हिनमध्ये घ्या आणि हे यंत्र बाहेरच्या हवेचा सुमारे १५ पौंड दाब मोजत नाही, हे विसरू नका. उत्तर ६४ पौंडांच्या जवळपास आले, तर समजा की टायर पंक्चर नाही आणि तुमचे गणितही बरोबर आहे!