इंग्रजी ‘टेक’ आणि मराठी ‘घेणे’

मेहकरच्या एखाद्या शाळेत आठवीच्या वर्गापुढे पुढील पाच वाक्ये ठेविली आहेत, अशी क्षणभर कल्पना करावी. ‘हे पुस्तक घे.’ ‘मेहकराहून लोणारला जाण्यास किती वेळ लागतो?’ ‘मुलगा हुबेहूब आपल्या बापावर गेला आहे.’ ‘त्या व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाला चांगलेच फसविले.’ ‘विमान सकाळी मुंबईहून उडाले.’ मराठीत येथे पाच निरनिराळी क्रियापदे आली आहेत. इंग्रज मनुष्य मात्र या पाचही ठिकाणी ‘टेक’ या एकाच क्रियापदाने आपले काम भागवू शकतो. फार तर त्याच्यामागे ‘आफ्टर’, ‘इन’, ‘ऑफ’ असे एखादे लहानसे अव्यय जोडील. आता हीच वाक्ये इंग्रजीत देऊन त्यांचे मराठी करावयास सांगितले, तर ‘टेक म्हणजे घेणे’ एवढेच घोकून आलेला विद्यार्थी पहिल्या वाक्याचे गुण सहज मिळवितो आणि दुसऱ्या वाक्यापाशी येऊन हात टेकतो.

हात टेकल्यावर तो दोहोंपैकी एक निष्कर्ष काढतो. एक तर इंग्रजी भाषा लहरी आहे, नाही तर आपल्याला बुद्धी नाही. दुसरा निष्कर्ष अधिक घातक होय. कारण तो एकदा मनात बसला म्हणजे पुढे वर्षानुवर्षे निघत नाही, आणि कित्येक हुशार मुले केवळ याच भयाने इंग्रजीला पाठ दाखवितात. वस्तुतः दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. दोष भाषेचा नाही आणि मुलाचाही नाही. एका शब्दाला एकच अर्थ असतो, ही जी समजूत त्याच्या वहीतील शब्दार्थांच्या यादीने करून दिली, तिचा तो दोष आहे.

प्रथम ‘टेक’ या शब्दाचे कुळ पाहू. इंग्रजीचे हे अत्यंत घरगुती क्रियापद मूळचे इंग्रजी नव्हे. प्राचीन इंग्रजीत ‘घेणे’ या अर्थी ‘निमन’ असा शब्द होता. जर्मन भाषेतील ‘नेमन’ हा त्याचाच भाऊबंद. इसवी सनाच्या ९व्या व १०व्या शतकांत उत्तरेकडील डेन व नॉर्स लोक इंग्लंडात येऊन वसले, त्यांच्या बोलीतून ‘टाका’ हे क्रियापद आले, आणि पुढील काही शतकांत त्याने जुन्या घरधन्याला हळूहळू घराबाहेर काढिले. ‘बधिर’ या अर्थाच्या ‘नम’ या इंग्रजी शब्दात तेवढी त्या जुन्या क्रियापदाची खूण राहिली आहे. ज्याची संवेदना कोणी घेतली तो ‘नम’. ‘टेक’चा जुना अर्थ हाताने स्पर्श करणे, पकडणे असा होता. मराठीतील ‘टेकणे’ या शब्दाशी त्याचे जे साम्य कानाला वाटते, तो निव्वळ योगायोग आहे.

हाताने पकडणे या एका बीजातून पुढचा सर्व विस्तार कसा झाला, हे पायरीपायरीने पाहिले म्हणजे कोडे सुटू लागते. हातात धरलेली वस्तू आपल्या ताब्यात येते. म्हणून सैन्य किल्ला ‘टेक’ करते. ताब्यात आलेली वस्तू मनुष्य आत घेतो. म्हणून औषध आणि श्वास यांनाही तेच क्रियापद. शरीराच्या आत जे जाते तेच मनाच्याही आत जाते; म्हणून एखाद्याचे म्हणणे समजणे, थट्टा मनाला लावून घेणे, अमुक गोष्ट खरी धरून चालणे, ही सर्व मनाची ‘टेक’ होत. आता घेणारा माणूसच असला पाहिजे असे नाही. काम माणसापासून काही घेऊ लागले की वाक्य होते, ‘या कामाने दोन तास घेतले’. इंग्रजी पद्धतीने विचार करणारा येथे काम हे जणू वेळ घेणारे मानतो. मराठी मनुष्य म्हणतो, ‘कामाला दोन तास लागले.’ त्याच्या दृष्टीने वेळ कामाला येऊन चिकटतो. प्रसंग एकच, परंतु दोन भाषांनी तो दोन बाजूंनी पाहिला आहे.

याहून निराळा एक वर्ग आहे. इंग्रजीत फिरावयास जाणे, पाहणे, बसणे या क्रियांसाठी ‘टेक’पुढे एक नाम ठेवितात आणि अर्थाचा सर्व भार त्या नामावर टाकितात. येथे क्रियापद केवळ वाहन असते. मराठीही असेच करिते, पण तिची वाहने निराळी. आपण फेरी ‘मारतो’, नजर ‘टाकतो’, फोटो ‘काढतो’, विश्रांती मात्र ‘घेतो’.

राहता राहिली ती अव्यये जोडून होणारी रूपे. ‘टेक ऑफ’ म्हणजे उडणे, ‘टेक इन’ म्हणजे फसविणे, ‘टेक आफ्टर’ म्हणजे वळणावर जाणे, हे ऐकून विद्यार्थी बावरतो. परंतु ज्याने संस्कृताचे चार धडे वाचले आहेत, त्याला हा प्रकार नवा वाटू नये. ‘हृ’ म्हणजे नेणे, हरण करणे. ‘टेक’च्या अर्थाच्या अगदी शेजारचा हा धातू. त्याच्यामागे उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे शब्द झाले. आहारात आणि संहारात अर्थाचे किती अंतर आहे! तरीही कोणी संस्कृताला लहरी म्हणत नाही. आपल्या पूर्वजांनी उपसर्ग पुढे जोडिले, इंग्रजांनी तीच युक्ती मागे जोडून केली, एवढाच काय तो फरक.

आता आपल्या घरात डोकावून पाहू. मराठी ‘घेणे’ हे संस्कृत ‘ग्रह्’ धातूपासून प्राकृताच्या मार्गाने आले. त्याच धातूची ग्राहक, संग्रह, आग्रह, अनुग्रह, विग्रह ही सुशिक्षित भावंडे आहेत. परंतु घरकामाचा सारा भार या साध्या ‘घेणे’वरच पडला आहे. मेहकरचा शेतकरी सोयाबीनचे पीक घेतो. त्याच दिवशी तो बाजारातून बी-बियाणे घेतो, म्हणजे विकत घेतो. सोसायटीकडून कर्ज घेतो, म्हणजे पुढे फेडावयाच्या बोलीवर आणतो. शारंगधर बालाजीच्या देवळात जाऊन दर्शन घेतो, आणि त्यात तर कोणाचे काही उणे होत नाही. नवी नवरी नाव घेते, वकील आढेवेढे घेतो, गंजी पेट घेते, पाहुणा निरोप घेतो, शिक्षक मुलाला फैलावर घेतो, आणि निपुत्रिक मनुष्य मुलगा दत्तक घेतो. एखाद्या परक्याने मराठी शिकताना ‘घेणे म्हणजे टेक’ असे पाठ केले, तर त्याची अवस्था आपल्या आठवीतील मुलाहून बरी होणार नाही. शिवाय ‘जेवून घे’, ‘झोपून घे’, ‘समजून घे’ यांतील ‘घे’ कोणती वस्तू उचलतो? काहीच नाही. क्रियेचे फळ करणाऱ्यालाच मिळावयाचे आहे, एवढेच तो सुचवितो. हा सूक्ष्म अर्थ इंग्रजी ‘टेक’मध्ये मुळीच नाही.

‘लागणे’ या क्रियापदाची गोष्ट तर याहून रम्य आहे. भूक लागते, ठेच लागते, झाडाला आंबे लागतात, वाटेत घाट लागतो, परीक्षेचा निकाल लागतो, मुलाला नोकरी लागते, कारले कडू लागते, अमका आपला मामा लागतो, आणि मूल बोलू लागते. वऱ्हाडात तर ‘तुले काय लागते?’ एवढ्यात गरज विचारली जाते. चिकटणे या अर्थाचा ‘लग्’ हा धातू या सर्वांच्या मुळाशी आहे. ‘लग्न’ हा शब्दही त्याच धातूचा. म्हणून ‘लग्न लागले’ असे आपण म्हणतो, तेव्हा एकाच मुळाचे दोन शब्द शेजारी बसतात. निरक्षर आजीही हे सर्व अर्थ चुकीशिवाय वापरते. तिने कधी यादी पाठ केली नव्हती. प्रत्येक अर्थ तिने त्याच्या सोबत्यासह ऐकिला, आणि सोबती ओळखीचा झाला तसा अर्थही ओळखीचा झाला.

हेच या विषयाचे सार होय. लहान क्रियापदाचा अर्थ त्याच्या एकट्याच्या ठिकाणी नसतो. तो त्याच्या संगतीत असतो. भाषेतील जे शब्द रात्रंदिवस वापरात असतात, तेच सर्वांत अधिक अर्थ धारण करितात. १९२८ साली पूर्ण झालेल्या ऑक्सफर्डच्या महाकोशात ‘सेट’ या तीन अक्षरी इंग्रजी क्रियापदाने सर्वांत मोठी जागा अडविली होती. त्या कोशाच्या अलीकडील संशोधनात ‘रन’ या क्रियापदाचे अर्थ सहाशेंहून अधिक भरले. पांडित्यपूर्ण लांबलचक शब्दांना हे भाग्य लाभत नाही. त्यांना बहुधा एकच अर्थ असतो आणि कोशातील एक ओळ त्यांना पुरते.

मराठीत हे काम ज्यांनी अंगावर घेतले, त्यांना ही अडचण पुरती ठाऊक होती. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला व त्याची सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली आली. मधल्या काळात, १८४७ साली, मोल्सवर्थ व टॉमस कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. अशा मोठ्या कोशात थोर क्रियापदाखाली एक प्रतिशब्द देऊन भागत नाही. प्रसंगाप्रसंगाने निराळा मराठी शब्द द्यावा लागतो. कोशकाराने श्रम केले, पण वाचणारा घाईत पहिलाच शब्द उचलून चालता झाला, तर त्याला कोशकार काय करील?

या घाईचा दंड केवळ परीक्षेत भरावा लागतो असे नाही. तो मराठीलाही भरावा लागतो. हल्ली सुशिक्षित घरांतून ‘अंघोळ घेतली’, ‘सीट घ्या’, ‘फोटो घेतला’ असे ऐकू येते. ‘बस घेऊन ये’ असा निरोप मिळालेल्या माणसाने बसने यावयाचे की बसच आणावयाची? अंघोळ ‘करणे’, जागेवर ‘बसणे’, फोटो ‘काढणे’ या आपल्या वेगवेगळ्या क्रियापदांची जागा एकटे ‘घेणे’ बळकावीत गेले, तर भाषा इंग्रजीसारखी होणार नाही. ती केवळ दरिद्री होईल. कारण इंग्रजीची अव्ययांची युक्ती आपल्याकडे नाही आणि आपली क्रियापदांची संपत्ती आपण टाकून दिलेली असेल. तथापि येथे सोवळेपणाही नको. ‘काळजी करणे’ म्हणजे मनात झुरणे आणि ‘काळजी घेणे’ म्हणजे जपणे, हा भेद ‘घेणे’नेच भाषेला दिला आहे, आणि तो मोलाचा आहे. जो प्रयोग नवा अर्थ आणतो तो ठेवावा. जो असलेला शब्द मारतो तो टाळावा.

उलट दिशेची चूकही तितकीच नेहमीची आहे. मराठीत विद्यार्थी परीक्षा ‘देतो’ आणि शिक्षक ती ‘घेतो’. इंग्रजीत नेमके उलटे. तेथे विद्यार्थी परीक्षा ‘घेतो’. म्हणून ‘मी परीक्षा दिली’ याचे शब्दशः इंग्रजी करणारा उमेदवार मुलाखतीत अनवधानाने स्वतःला परीक्षक ठरवून बसतो. एका लहान क्रियापदाची ही चूक नोकरीच्या दारात अडवू शकते.

मग उपाय काय? तो फार सोपा आहे आणि घरीच होण्यासारखा आहे. मुलाच्या वहीत ‘टेक = घेणे’ अशी ओळ नसावी. प्रत्येक नवा अर्थ आढळला की पूर्ण वाक्य लिहावे आणि समोर आपण घरी जसे बोलतो तसे पूर्ण मराठी वाक्य लिहावे. लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: घेणारा कोण, घेतलेली वस्तू कोणती, आणि मागे अव्यय आहे काय? या तीन उत्तरांनी दहांपैकी आठ वाक्ये उलगडतात. उरलेली दोन वाचनाने उलगडतील. आणि आठवड्यातून एकदा हाच खेळ उलटा खेळावा. रात्रीच्या जेवणाच्या वेळी ‘घेणे’ किंवा ‘लागणे’ यांचे नवे प्रयोग आईने, आजीने व मुलांनी आळीपाळीने सांगावेत. त्यात आजीच बहुधा जिंकेल. शाळेची पायरी कधी न चढलेल्या आपल्या आजीला जे साधले, ते आपल्यालाही साधेल, हा विश्वास मुलाच्या मनात उत्पन्न झाला, म्हणजे इंग्रजीच्या वर्गात हात टेकण्याचे कारण त्याला उरणार नाही.