शोकाला आकार देणारी अठरा वर्षे

बेल्जियममधील व्लाड्स्लो येथे जर्मन सैनिकांच्या दफनभूमीत गुडघे टेकून बसलेल्या दोन दगडी मूर्ती आहेत. पित्याने दोन्ही हातांनी स्वतःला घट्ट आवळून धरले आहे. शेजारची माता पुरती वाकली आहे. येथे पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांचे दफन झाले आहे. त्यांत या मूर्तींच्या शिल्पकार केटे कोलवित्झ यांचा धाकटा मुलगा पीटरही आहे.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा पीटर १८ वर्षांचा होता. स्वेच्छेने सैन्यात दाखल होण्यासाठी त्याला वडिलांची संमती आवश्यक होती. बर्लिनमध्ये डॉक्टर असलेले कार्ल कोलवित्झ त्यास राजी नव्हते. अखेर केटे यांनीच पतीचे मन वळविले. ऑक्टोबरमध्ये पीटर रणांगणावर मारला गेला. मातेच्या शोकात आता अपराधाची जाणीवही मिसळली होती.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात केटे यांनी मुलाच्या स्मारकाचा विचार सुरू केला. मृत पीटरची आडवी आकृती आणि सोबत आईवडील, अशी मूळ कल्पना होती. अनेक आराखडे झाले, पण एकही मनास येईना. १९१९ मध्ये त्यांनी हे काम थांबविले. पुढे त्यांनी युद्धावर सात काष्ठमुद्रांची मालिका केली. तिच्या पहिल्या चित्रात एक माता आपले तान्हे मूल बळी म्हणून पुढे करते. स्वतःला छळणारा प्रश्नच त्यांनी येथे लाकडात कोरला, असे म्हणता येईल.

काही वर्षांनी स्मारकाचे काम पुन्हा सुरू झाले. या वेळी मुलाची आकृती वगळण्यात आली आणि केवळ आईवडील उरले. १९३२ मध्ये त्या मूर्ती पीटरच्या दफनस्थळी उभ्या राहिल्या.

शोकाकुल मनाला तेच ते विचार घेरून टाकतात. कलाकृती घडविताना मात्र मान किती झुकवावी, हात कोठे असावेत, काय ठेवावे आणि काय गाळावे, असे निर्णय घ्यावे लागतात. दुःख भोगणारा माणूस तेवढ्यापुरता दुःखाकडे पाहणारा होतो. मनातील कोंडमाऱ्याला बाहेर जागा मिळते आणि इतरांनाही त्यात आपले दुःख ओळखता येते.

शोकातून श्लोक जन्मल्याची आदिकवी वाल्मीकींची कथा भारतीयांना परिचित आहे. आधुनिक काळात हिंदी कवी सूर्यकांत त्रिपाठी 'निराला' यांनी १९३५ मध्ये कन्येच्या मृत्यूनंतर 'सरोज स्मृति' ही दीर्घ कविता लिहिली. पिता म्हणून आपण तिच्यासाठी काही करू शकलो नाही, ही खंत त्यांनी तीत उघडपणे मांडली. केटे यांच्याप्रमाणेच त्यांनीही स्वतःला निर्दोष ठरविले नाही.

कला दुःखाचे निवारण करतेच, असे नाही. १९४२ मध्ये केटे यांनी मुलांना आपल्या बाहूंखाली झाकून घेणाऱ्या मातेचे शिलामुद्रण पूर्ण केले. त्याच वर्षी त्यांचा नातू युद्धात मारला गेला. काकाच्या स्मरणार्थ त्याचेही नाव पीटर ठेवलेले होते. एप्रिल १९४५ मध्ये, युद्ध संपण्यास थोडे दिवस उरले असताना, केटे यांचे निधन झाले.

१९५०च्या दशकात पीटरचे अवशेष व्लाड्स्लो येथे हलविण्यात आले, तेव्हा त्या दोन मूर्तीही त्याच्यासोबत नेण्यात आल्या.